बेचाळीस सारखे आकाशकंदील

पत्र : मी घाटमाथ्यावरच्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग घेते. पट २३. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही कागदी फुलं, आइसक्रीमच्या काड्यांची फुलदाणी असं काहीबाही करतो. घरून करून आणायला सांगितलं तर आई-वडीलच करून पाठवतात, कुणी सरळ दुकानातून आणतं. परवा प्रशिक्षणात ऐकलं की प्राथमिकच्या मुलांनाही डिझाइन आणि तंत्रज्ञान शिकवायला हवं. आमच्याकडे किट नाही, पैसे नाहीत, आणि खरं सांगायचं तर मी स्वतः आयुष्यात एक खिळा ठोकलेला नाही. मुलांच्या हाती कात्री द्यायची भीती वाटते. गट पाडले की मुलगे सामान बळकावतात आणि मुली सजावट करत बसतात. त्यात फेब्रुवारीत आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचं प्रदर्शन आहे. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका

ताई,

खिळ्याचं मनाला लावून घेऊ नका. मी २६ वर्षं कार्यानुभव शिकवला आणि त्यातली पहिली ११ वर्षं वाया घालवली, तीही खिळा ठोकता येत असताना.

त्या अकराव्या वर्षाची दिवाळी मला अजून आठवते. चौथीचा वर्ग, पट ४२. मी बाजारातून कामट्या आणल्या, घरी बसून सगळ्या एका मापाच्या कापल्या, पतंगी कागदाचे चौकोन कापले, झिरमिळ्यासुद्धा मोजून गठ्ठे करून ठेवले. मुलांनी मी सांगेन तसं बांधलं, सांगेन तिथे खळ लावली. ४२ आकाशकंदील व्हरांड्यात ओळीनं टांगले. साहेब आले, फोटो निघाला, माझी मान ताठ. सुट्टी लागायच्या दिवशी एक आई मुलीला न्यायला आली आणि म्हणाली, “यातला आमच्या पोरीचा कुठला?” मुलीनं वर बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली, आणि म्हणाली, “कुठलापण घे.”

वर्गात डोकं चालवणारी मी एकटीच होते. मुलं मजुरीला होती.

पुढच्या दिवाळीला मी कामट्या तशाच, न कापता आणल्या. सुतळी, कागद, खळीचं भांडं मध्ये ठेवलं आणि एवढंच सांगितलं की कंदील वाऱ्यात मोडता कामा नये आणि आतल्या दिव्यापासून कागद चार बोटं लांब राहिला पाहिजे. पहिला दिवस नुसता गोंधळ. दोघांनी मोठ्या हौसेनं चार कामट्यांचा चौकोन बांधला, उचलला, तर तो एका बाजूला कलला. “बाई, शंकरपाळी झाली!” खरंच झाली होती. सांधे कितीही आवळून बांधा, चार काड्यांचा चौकोन कलतोच. त्यांनी आणखी सुतळी गुंडाळली, मग खळ थापली, मग एकमेकांना दोष दिला. शेवटी शेजारच्या जोडीतल्या एकीनं त्यांच्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक कामटी तिरकी धरून दाखवली. चौकोन जागच्या जागी थांबला. पुलाच्या लोखंडी कैचीत, विजेच्या मनोऱ्यात, पत्र्याच्या शेडच्या छताखाली तिरक्या पट्ट्या का असतात हे मी त्यांना सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी चौघं येऊन मला सांगत होती की एसटी स्टँडच्या छताला पण शंकरपाळीवाली काडी आहे.

तुम्ही विचारलंत ‘सुरुवात कुठून’. माझं उत्तर : दुसऱ्या खेपेपासून. मुलांनी एखादी वस्तू केली, ती फसली किंवा अर्धवट जमली, की लगेच तीच वस्तू पुन्हा करायला वेळ मिळाला पाहिजे, आणि तो वेळ तुमच्या टाचणवहीत, म्हणजे पाठांच्या आखणीच्या वहीत, आधीच लिहिलेला पाहिजे. बहुतेक शाळांत पहिल्या खेपेलाच वस्तू घरी जाते किंवा कपाटावर चढते आणि पुढच्या आठवड्यात नवीन वस्तू येते. म्हणजे चौकोनाची शंकरपाळी झाली तिथेच तास संपला. मी पुढे एका कामाला सात तास धरायला लागले : एक बघण्याचा, एक ठरवण्याचा, दोन करण्याचे, एक तपासण्याचा आणि दोन दुसऱ्या खेपेचे. वर्षभरात वस्तू चारच होतात. होऊ द्या.

आता ‘डिझाइन’ या शब्दाबद्दल थोडं, कारण घोळ तिथे आहे. आपल्याकडे डिझाइन म्हटलं की साडीचा काठ, मेंदी, ब्लाउजचा गळा डोळ्यांसमोर येतो. म्हणजे नक्षी. आणि तंत्रज्ञान म्हटलं की संगणक. मग ‘डिझाइन आणि तंत्रज्ञान’ म्हणजे संगणकावर नक्षी असं वाटून आपण हातपाय गाळतो. प्रत्यक्षात तुमच्या शाळेतली खिचडीची पळी हेही डिझाइनच. दांडा लांब का, टोकाला आकडा का, वाटी खोल का, या प्रत्येक ‘का’मागे कुणाची तरी अडचण आहे : वाफेनं हात भाजतो, पळी पातेल्यात घसरते, एका मुलाला एकदाच वाढायचं असतं. इंग्लंडमध्ये १९९० पासून हा विषय पाचव्या वर्षापासूनच्या मुलांना सक्तीचा झाला, तोही याच अर्थानं : कुणाला काय हवंय ते बघा, ठरवा, करा, तपासा.

आपल्याला हे परकं आहे असंही नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली आणि नयी तालीम पुढे आली. हाताचं काम मध्ये, आणि गणित-भूगोल त्याच्या भोवती, ज्याला पुढे समवाय म्हणू लागले. मग १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं कार्यानुभव हा शब्द रूढ केला, आणि तो होता होता आपल्या वेळापत्रकात मधल्या सुट्टीनंतरच्या झोपाळू तासाला येऊन बसला. गांधीजींच्या कल्पनेत मोठी ताकद होती, पण एक गोष्ट मला नेहमी खटकते : टकळी, म्हणजे सूत कातायची चकती लावलेली काडी, कशी असावी हे आधीच ठरलेलं होतं. मुलानं सूत कातायचं, टकळी बदलायची नाही. आज मी वर्गात टकळी आणली तर पहिला प्रश्न हा विचारीन की चकती जड केली तर काय होईल.

आता तुमच्या वर्गात काय करता येईल, ते नीट सांगते. एकच काम सांगते, कारण ते मी पाचदा घेतलं आहे आणि दर वेळी वेगळं निघालं.

खडूचे तुकडे. प्रत्येक शाळेत बोटाच्या पेराएवढे शेकडो तुकडे डब्यात पडून असतात. धरता येत नाहीत, नख फळ्यावर घासतं, अंगावर काटा येतो. मुलांना सांगा, “मला हे तुकडे वापरायचे आहेत. धरायला काहीतरी करून द्या.” यात दोन फायदे आहेत. अडचण खरी आहे, आणि गिऱ्हाईक तुम्ही स्वतः आहात, त्यामुळे ‘हे मला चालणार नाही’ असं तुम्ही हक्कानं म्हणू शकता. करायच्या आधी अटी मुलांकडूनच काढून घ्या आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुसू नका. माझ्या वर्गानं काढलेल्या अटी अशा होत्या : हात पांढरा होऊ नये, दाबलं की खडू आत जाऊ नये, ‘कमळ’ हा शब्द दहा वेळा लिहून व्हावा, आणि मुख्याध्यापक सरांच्या जाड बोटांतही धरता यावा. शेवटच्या अटीसाठी सरांच्या बोटाचा घेर दोऱ्यानं मोजून आणायला दोघं ऑफिसात गेली. तेवढं मोजमाप तिसरीच्या पुस्तकातल्या दहा उदाहरणांना भारी पडलं.

सामान विकत आणू नका. जुन्या लग्नपत्रिका जमवा. एवढा चांगला जाड कागद फुकटात दुसरा मिळत नाही, आणि आपल्या गावांत लग्नांना तोटा नाही. संपलेल्या रिफिली, पेनची टोपणं, बाटल्यांची झाकणं, चिंध्या, सुतळी, वेळूच्या काड्या. सायकलच्या दुकानातून पंक्चर झालेली जुनी ट्यूब मागून आणा. ती आडवी कापली की हवे तितके रबर बँड.

एका जोडीनं लग्नपत्रिकेची नळी गुंडाळली आणि तोंडाशी खडू बसवला. फळ्यावर टेकवला, खडू आत गडप. त्यांनी बाहेरून सुतळी करकचून बांधली. अर्धी ओळ झाली आणि पुन्हा गडप. दुसऱ्या खेपेला त्यांनी नळीत मागून पेन्सिलीचा थोटूक घातला. खडू झिजला की थोटूक पुढे ढकलायचा. नळी पेन्सिलीच्याच मापाची गुंडाळली होती, त्यामुळे तो घट्ट बसला. दुसऱ्या जोडीनं वेळूची काडी अर्ध्यापर्यंत चिरून तिचा चिमटा केला आणि वर ट्यूबचा रबर चढवला. पकड उत्तम, पण रबर इतका घट्ट की खडूचाच भुगा झाला. मग जबड्यात चिंधी आली. तिसऱ्या जोडीनं ओल्या मातीच्या गोळ्यात खडू रोवला आणि उन्हात वाळवला. हाताला इतका सुखद होता की मला तोच आवडला, पण खडू संपल्यावर नवीन बसवणार कसा? “नवीन गोळा करायचा,” असं शांत उत्तर आलं. मी तो मान्य केला. माती फुकट होती.

चिमट्यावाल्या जोडीसाठी मी दुसऱ्या दिवशी घरून तीन वस्तू नेल्या : चिमटा, सांडशी आणि अडकित्ता. तिन्हींत दोन दांडे आहेत, तिन्ही काहीतरी पकडतात. सांधा कुठे आहे, बोटं कुठे आहेत, वस्तू कुठे आहे, एवढंच बघा म्हटलं. चिमट्यात सांधा मागच्या टोकाला आणि बोटं मध्ये. सांडशीत सांधा मध्ये. अडकित्त्यात सांधा पुढच्या टोकाला आणि सुपारी मध्ये. तरफेचे तीन प्रकार ते हेच, पण ते शब्द वरच्या वर्गात येतील तेव्हा येऊ द्या. चिमट्यानं सुपारी का फुटत नाही यावर चौथीची मुलं अर्धा तास भांडली. (सुपारी वर्गात नेल्याबद्दल मला नंतर ऐकावं लागलं. तुम्ही शेंगा न्या.)

करण्याआधी चित्र काढायला लावायचं का, हा प्रश्न तुम्हाला लवकरच पडेल. या वयाच्या मुलांना ‘आराखडा काढा’ म्हटलं की खडूच्या धारकामागे दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य येतोच, खाली नदी पण वाहते. रागावू नका. त्यांच्या लेखी चित्र म्हणजे तेच. मी सांगायची, “असं चित्र काढा की ते बघून शेजारची जोडी तुमचं सामान गोळा करून आणू शकेल.” मग बाण येतात, नावं येतात, ‘रबर २’ असे आकडे येतात. काही मुलांना वस्तू हातात घेतल्याशिवाय काढताच येत नाही, त्यांना पहिल्या खेपेनंतर काढू द्या. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं सहावीच्या आसपासच्या मुलांबरोबर पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की, बाहुल्या अशी कामं घेतली होती. त्यात गट आपला बेत करण्याआधी वर्गापुढे मांडत आणि बाकीची मुलं शंका काढत. ते मी उचललं. दोनच मिनिटं, आणि शंका काढणाऱ्यानं ‘छान आहे’ म्हणायचं नाही. शंकाच काढायची.

कात्रीची भीती रास्त आहे आणि तिच्यावर इलाजही आहे. जी मुलं घरी आईबरोबर भाजी निवडतात, गुरांना चारा घालतात, त्यांना कात्री नवीन नसते, गर्दी नवीन असते. म्हणून एका वेळी सहाच कात्र्या, आणि कापायची जागा एकच, खिडकीपाशी. कात्री देताना पाती मुठीत, दांडा पुढे. झाकणाला भोक पाडायला दाभण लागेल, तेव्हा खाली जुन्या रबरी चपलेचा तळ ठेवा. दाभण झाकणातून आरपार गेलं तरी चपलेत रुतून थांबतं, फरशीवर घसरत नाही. खिळा तापवून भोक पाडायचं असेल तर ते तुम्ही पाडा, मुलांनी नाही.

झाकणांवरून आठवलं. तुमच्यातल्या तिसरीच्या मुलांना खडूचं काम जड वाटलं तर आधी झाकणांची गाडी घ्या. सगळ्यांची पहिली चूक ठरलेली : चाक फिरावं म्हणून आखावर सैल ठेवतात आणि आख खोक्याला चिकटवून टाकतात. चाकं डगमगतात, गाडी तिरकी जाते. चाक आखाला घट्ट आणि आख कागदाच्या नळीत सैल, हे त्यांचं त्यांना सुचू द्या. फार तर बैलगाडी आणि खेळण्यातली मोटार शेजारी ठेवा. बैलगाडीत आख थांबतो आणि चाक फिरतं, म्हणजे मुलांची पहिली कल्पनाही चूक नव्हती, फक्त झाकणाचं भोक ओबडधोबड आणि पातळ होतं. गाडीवानाचं चाक आखावर चांगलं वीतभर बसतं. पूर्वी या कामाला स्ट्रॉ वापरायचो. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर २०२२ पासून देशभर बंदी आली, तेव्हापासून वहीच्या कागदाची नळी. ती जास्त चांगली चालते.

मुलगे बळकावतात, मुली सजवतात, हे सहाच्या गटाचं दुखणं आहे. सहा जणांत एक कापतो, एक हुकूम सोडतो आणि चार जण उरतात. त्या चार जणांना आपण रंग देतो. जोड्या करा. दोघांत कुणाला लपता येत नाही. तुमच्या २३ मुलांत एक तिघांची होईल, चालेल. आणि वस्तू चालल्याशिवाय रंग-चकमकी-टिकल्यांचा डबा उघडायचाच नाही. माझ्या वर्गात यानं सर्वांत जास्त नाराज झाले ते मुलगे, मुली नव्हेत.

किटचं म्हणाल तर नाही त्याचं दुःख करू नका. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे शाळांतल्या वस्तू करून बघायच्या सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळा, सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी आहेत. तुमची मुलं तिथे पोचतील तेव्हा पोचतील. मी किटं पाहिली आहेत. बरीचशी म्हणजे माझे एका मापाच्या कामट्यांचे गठ्ठेच, फक्त बॅटरीवर चालणारे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून मोठ्या मुलांना वेल्डिंगपासून शेतीपर्यंत गावाच्या गरजेची कामं शिकवायला घेतली. तुमच्या भागातून सहल जाण्यासारखं असेल तर चौथीला एकदा दाखवून आणा.

मूल्यमापनात एक भीती तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण मला माहीत आहे. वर्णनात्मक नोंदी. ‘कागदी वस्तू सुबक बनवतो’, ‘साहित्य काळजीपूर्वक हाताळते’, या तयार नोंदी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी उतरवून काढल्या आहेत. खडूच्या कामानंतर तुम्हाला उतरवायची गरज पडणार नाही. ‘रबर जास्त घट्ट झाल्यानं खडू फुटतो हे स्वतः ओळखलं, जबड्यात चिंधी घातली’ ही नोंद एका मुलाचीच असू शकते. श्रेणी देताना वस्तूच्या देखणेपणाला मी काहीच देत नसे. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेत काय बदललं आणि का, हे त्याला सांगता आलं की ‘अ’. धारक शेवटपर्यंत चालला नाही तरी ‘अ’. यावर पालक भांडायला येतात, येऊ द्या. त्यांना फळ्यावर ‘कमळ’ लिहायला लावा.

पालकांसाठी दोन ओळींची चिठ्ठी पुरते : वस्तू शाळेतच होईल, घरी काही करायचं नाही, फक्त जुनी लग्नपत्रिका पाठवा.

राहता राहिलं प्रदर्शन. केंद्रप्रमुखांना झगमगीत काहीतरी हवं असणार, आणि बाजूच्या शाळेचा थर्माकोलचा ज्वालामुखी तुमच्या टेबलाशेजारीच असणार. तुम्ही प्रत्येक जोडीचे दोन धारक शेजारी-शेजारी मांडा, फसलेला आणि चाललेला, मध्ये त्यांची बाणांची चित्रं. एक फळा उभा करा, खडूच्या तुकड्यांचा डबा ठेवा आणि येणाऱ्याला लिहून बघू द्या. फसलेले धारक जपून ठेवायला आत्तापासून एक खोकं करा, नाहीतर मुलं ते लाजेनं फेकून देतात. माझे सगळे असेच गेले.

आणि दाभणं मोजून द्या, मोजून परत घ्या. पाच दिली तर पाच.